अक्काने लिहवून घेतलेली दोन पानं

धुळ्यात, देवपूरच्या आमच्या मुलींच्या होस्टेलात प्रमिलाबाई स्वयंपाक करायची. आम्ही तिला अक्का म्हणायचो. कौतुक करणं तिच्या स्वभावातच नव्हतं. कुणी फर्स्ट क्लासात आली काय नि कुणाचं लग्न ठरलं काय, अक्का एवढंच विचारायची, आज जेवायला आहेस ना. आमची नावं लक्षात ठेवायच्या भानगडीत ती पडत नसे; गावावरून हाक मारी. मी पहूरची, म्हणून पहूरवाली. तीन वर्षं मी तिच्या हातची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि शेवभाजी खाल्ली. तिच्याबद्दल मला माहीत होतं ते एवढंच, की ती विधवा आहे आणि भाजीत तिखट जरा जास्तच टाकते.

१९८९च्या एप्रिलमध्ये बी.ए.ची परीक्षा देता देता मी मुंबईच्या एका संस्थेचा फॉर्म भरत होते. पदवीनंतरचा, समाजकार्याचा, दोन वर्षांचा अभ्यासक्रम. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आधीच सांगून ठेवलं होतं की फॉर्म एकदाच भरायचा. नंबर लागला तर जा, नाहीतर दिवाळीनंतर लग्न. मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की मुंबईची पाटी लावलेली एस.टी. दिसली तरी ती वळणाआड जाईपर्यंत मी बघत उभी राहायचे. पण सगळं अडलं होतं फॉर्मातल्या दोन कोऱ्या पानांवर. 'आपण या क्षेत्रात का येऊ इच्छिता, हे स्वतःच्या शब्दांत लिहा. मराठीत लिहिले तरी चालेल.'

स्वतःच्या शब्दांत लिहायचं म्हटल्यावर मी अर्थातच बडगुजर सरांकडे गेले. ते आम्हाला मराठी शिकवत. त्यांनी तासाभरात दोन पानं सांगितली, मी उतरवून घेतली. तळागाळातला माणूस, सेवेचा वसा, अंधाराकडून प्रकाशाकडे, सगळं होतं त्यात. मी भलतीच खूश. बाकीच्या मुली अभ्यासात बुडालेल्या, ऐकायला कुणी रिकामं नाही, म्हणून स्वयंपाकघरात जाऊन अक्कालाच वाचून दाखवलं. ती वांगी चिरत होती.

"हाई ते कोन्ही बी लिखी," ती म्हणाली. "यामा तू कोठे शे?"

यात मी कुठे आहे म्हणे! मला राग आला. भाकरी थापणाऱ्या बाईला निबंधातलं काय कळतं, असं माझ्या मनात आलं. आज हे लिहिताना लाज वाटते, पण आलं होतं खरं. तरीही मी सरांची पानं बाजूला ठेवली आणि दुसरं लिहिलं. कॉलेजच्या शिबिरात आम्ही सात दिवस एका खेड्यात सांडपाण्याचे शोषखड्डे खणले होते, त्याबद्दल. अक्काने तेही ऐकलं. पहिला खड्डा कोणाच्या दारात खणला, तिने विचारलं. मला नाव आठवेना. त्या गावातल्या एकाही माणसाचं नाव मला आठवेना. अक्का पुन्हा चुलीकडे वळली, तेच जास्त लागलं. मी तणतणत म्हटलं, मग तुम्हीच सांगा, लिहू तरी कोणावर.

तिसऱ्या दिवशी ताट वाढताना तिने विचारलं, हे कागद वाचणार कोण. मुंबईचे सर लोक, मी सांगितलं.

"त्यासनं कोन्ही सुरतले शे का?"

नसावं, मी म्हटलं. जेवणं आटोपल्यावर तिने मला थांबवून घेतलं आणि परातीतले तांदूळ निवडत सांगायला लागली.

अक्काला एक मुलगी होती, सुनंदा. नवरा कापसाच्या जिनिंगात कामाला होता, तो तापाने गेला तेव्हा पोर साडेतीन वर्षांची. थोरले दीर जीवराम सुरतेला कापड गिरणीत होते, आणि जाऊ ताईबाईला मूलबाळ नव्हतं. तेराव्याला आले ते पोरीला घेऊनच परत गेले. बोली एकच झाली, की पोरीला दोन आया नकोत. त्या दिवसापासून अक्का काकू झाली. सुनंदा मॅट्रिक झाली, पारोळ्याला दिली. लग्नात कन्यादानाला ताईबाई बसली, अक्का काकू म्हणून पाहुण्यांना वाढत होती.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी जातात. सुनंदा पारोळ्याहून सुरतेला निघते आणि धुळ्याच्या स्टँडवर गाडी बदलते. तेवढा अर्धा तास अक्काचा. सांजोऱ्यांचा डबा घेऊन ती दोन तास आधीच जाऊन बसते. पोर वाकून नमस्कार करते, म्हणते, काकू, कशाला एवढा त्रास घेतला. मग सुरतेची गाडी लागते, अक्का खिडकीतून डबा देते. पोर माहेरी निघालेली असते आणि तिचं खरं माहेर खाली फलाटावर उभं असतं.

सांगताना अक्काच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझ्या होतं.

दुसऱ्या दिवशी मी परीक्षेचा अभ्यास गुंडाळून ठेवला आणि लिहून काढलं. नावं गाळली, 'एक बाई' आणि 'तिची मुलगी' एवढंच ठेवलं. पण बडगुजर सर अंगातून उतरले नव्हते. रूढींचा बळी, निष्ठुर जाऊ, हिरावलेलं मातृत्व, असलं बरंच काही मी घातलं होतं. मी वाचून दाखवत असताना अक्काने मला मध्येच थांबवलं.

"ताईबाईले वाईट नको लिखू. तिनी हिसकी नही लिधी. मी सोता दिधी."

पोर तिने स्वतः दिली, हे मी लिहून घेतलं. थोड्या वेळाने तिने आणखी एक गोष्ट लिहायला सांगितली. जाताना सुनंदा रडली नव्हती. ताईबाईच्या कडेवर बसून, मोटारीत बसायला मिळणार म्हणून हसत गेली होती. इतक्या वर्षांत अक्काला सगळ्यात जास्त आठवत राहिलं होतं ते हेच.

मी बळी खोडले, रूढी खोडल्या. आणि शेवटी माझ्याबद्दल जे खरं होतं ते लिहिलं: 'मी तीन वर्षं या बाईच्या हातचं जेवले आणि तिला मूलबाळ आहे का, हे एकदाही विचारलं नाही. मला विचारायला शिकायचं आहे.' हे ऐकून अक्काने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"आते उनी तू यामा," ती म्हणाली. आता कुठे मी त्यात आले होते.

स्वच्छ प्रत तयार झाली. पाकीट चिकटवायला घेणार, तोच अक्का माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. तीन वर्षांत ती कधी जिना चढून वर आली नव्हती.

"तिनं नाव लिख," ती म्हणाली. "आनि म्होरे लिख, प्रमिलाबाईनी अंडेर."

अंडेर म्हणजे लेक; सुनंदाचं नाव तिला तिथे हवं होतं. मी घाबरले. म्हटलं, अक्का, कुणाला कळलं म्हणजे. ती म्हणाली, तिथे तिला कोणी ओळखत नाही, म्हणून तर. रेशनकार्डावर, लग्नाच्या पत्रिकेवर, सगळीकडे ताईबाईचंच नाव आहे आणि ते तसंच राहू दे. एका तरी कागदावर आई म्हणून आपलं असावं. मी ते पान पुन्हा लिहिलं. ती दारातच उभी राहिली, लिहून होईपर्यंत.

मेअखेरीला मुंबईत मुलाखत झाली. समोर तिघं होते. त्यांतल्या एका बाईंनी सुनंदाच्या नावाचं ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि विचारलं, मुलीला हे माहीत आहे का. नाही, मी म्हटलं.

जूनमध्ये दाखला न्यायला धुळ्याला आले, तेव्हा पेढे घेऊन थेट स्वयंपाकघरात गेले. नंबर लागल्याचं सांगितलं. बरं झालं म्हणाली आणि पेढा फळीवर ठेवून कणिक मळत राहिली. मी विचारलं, आखाजीला सुनंदा भेटली का. भेटली होती. डबा घेतला, काकू, तब्येतीला जपा म्हणाली आणि गाडीत बसली.

मग अक्काने मळता हात थांबवला.

"त्यासनी वाचं का?"

"वाचलं. एका बाईंनी मोठ्याने वाचलं."

"काय वाचं?"

"सुनंदा, प्रमिलाबाईंची लेक."

तिने मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मी म्हटलं. तिथे किती माणसं होती, तिने विचारलं. तिघं, मी सांगितलं.

"तीन, आनि तू," अक्का म्हणाली. "चार जनसले माहीत शे आते."