टीरोच्या गावी मतदानाला

अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावाहून निघताना अल्फारेटा शहरातून मुलीचा फोन आला. "बाबा, बोट्सवानात इलेक्शन आहे. जस्ट कॅन्सल इट." पण निवृत्तीनंतरची ही आमची पहिलीच मोठी सहल, आणि माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या, बॅगा भरून तयार होत्या. आम्ही निघालो.

बोट्सवानातल्या मौन नावाच्या गावच्या छोट्याशा विमानतळावर गाईड टीरो घ्यायला आला होता. चाळिशीचा, हळू बोलणारा माणूस. "दुमेला, रा" (नमस्कार, साहेब) म्हणाला आणि माझ्या हातातली बॅग घेतली.

दुसऱ्या दिवशी मतदान होतं आणि आम्हाला ओकावांगो नदीच्या पाण्यात बोटीने हत्ती बघायला जायचं होतं. नाश्त्याला सुनंदाने सहज विचारलं, "तुम्ही मत कधी देणार?"

"या वेळी नाही, मा (बाईसाहेब). माझं नाव गुमारेला आहे, माझ्या गावी. तीन तास लागतात."

आवाजात तक्रार नव्हती. सुनंदा मला मराठीत म्हणाली, "हत्ती कुठे पळून जात नाहीत." मी टूर कंपनीच्या ऑफिसला फोन करून सांगितलं, आम्हाला आज गुमारे बघायचंय. टीरोने गाडीची काच दोनदा पुसली.

वाटेत गाढवं आणि गुरं निवांत रस्ता अडवून उभी होती. अर्ध्यावर एका खड्ड्यात टायर फुटला. जॅक लावला की तो वाळूत रुतायचा. अडुसष्टाव्या वर्षी, दुखऱ्या पाठीने, मी पाना धरून नुसता उभा. तास गेला, दुसरा गेला. टीरो घड्याळ बघायचा आणि पुन्हा वाळू उपसायचा. शेवटी एक पिकअप थांबली. तिच्यावर पक्षाचा झेंडा होता. तिघं उतरले, त्यांनी गाडी हातांनी उचलून धरली आणि टीरोने जॅकखाली फळी सरकवली. ते गेल्यावर टीरो हसून म्हणाला, "दुसऱ्या पक्षाची माणसं."

गुमारेच्या शाळेसमोर अजून लांब रांग होती. कोणी छत्री धरून, कोणी घरून आणलेल्या खुर्चीवर. एका म्हातारीने आपली खुर्ची सुनंदाला दिली आणि स्वतः झाडाला टेकून उभी राहिली. सूर्य मावळता मावळता टीरो मत देऊन बाहेर आला, तो थेट आम्हाला त्याच्या आईकडे घेऊन गेला. तिने पाप (मक्याची घट्ट उकड) आणि मोरोगो (रानातली पालेभाजी) वाढली. भाजी अगदी आपल्या माठासारखी. तिने सुनंदाचा हात बराच वेळ सोडला नाही.

दोन दिवसांनी कॅम्पवर रेडिओवर निकाल ऐकला. स्वातंत्र्यापासून सत्तेवर असलेला पक्ष हरला होता आणि राष्ट्राध्यक्षांनी पराभव मान्य केला होता.

"तो माझा पक्ष," टीरो म्हणाला.

मी जपून विचारलं, "आता काय होणार?"

"उद्या सहाला बोट आहे, रा. लवकर झोपा."

हत्ती पाहिले, पोटभर पाहिले. पण विमानात आम्ही बोलत होतो ते गुमारेबद्दलच.

परतलो आणि लगेच इथलंही मतदान आलं. सिटिझन होऊन इतकी वर्षं झाली, पण कामाचं निमित्त सांगून मी किती वेळा घरीच राहिलो, ते मला ठाऊक आहे. या वेळी जेट लॅगने डोळे मिटत होते, तरी रांगेत उभा राहिलो. अनोळखी देशातल्या माणसांनी मला माझ्याच हक्काची किंमत शिकवली, त्याबद्दल मनातून त्यांना हात जोडले.

गाडीत बसल्यावर कळलं, सुनंदाने आणि मी वेगवेगळ्या उमेदवारांना मत दिलं होतं. घरी येऊन तिने दोघांचा चहा टाकला.