उभ्या उभ्या चढलेली टेकडी

उमाबाईंचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. फुलवाल्याच्या दारात टोपली भरायची, झेंडूवर पाणी मारायचं, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली, आणि देवासची टेकडी चढायची. वर माताजीच्या देवळाजवळच्या दुकानांना फुलं उजाडायच्या आत लागतात. टोपली टेकवली की खाली. पुन्हा भरायची. पैसे खेपेवर. रोपवे आहे, पण इतक्या पहाटे तो बंद असतो, आणि चालू असता तरी फुलवाल्याने तिकीट काढलं नसतं.

मी हमाल होतो. आता पायथ्याशी बसून चहा पितो. ओझं वाहणारा माणूस मला लांबून कळतो. उमाबाईंची मान हलत नाही. डावा हात वर टोपलीला, उजवा मोकळा. वाटेत टोपली उतरवून बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही.

या हिवाळ्यात गावातल्या पळणाऱ्या मंडळींच्या क्लबने स्पर्धा ठेवली. महिनाभर टेकडी चढायची. ज्याची चढाई सगळ्यांत जास्त, त्याला क्लब आपल्या खर्चाने मांडूच्या डोंगरी शर्यतीला नेणार. क्लबचा सेक्रेटरी शुभंकर. घर जुनं मराठी, पण शाळा हिंदी, म्हणून बोलणं खिचडी. त्याने थट्टेत विचारलं, "मावशी, आप भी नाम लिखा दो ना. तुम्ही तर रोजच चढता."

"लिही."

तो हसला. त्या हसल्या नाहीत. नंतर मला म्हणाल्या, "खंडोजीभाऊ, जन्म गेला ओझं घेऊन चढण्यात. एकदा रिकाम्या डोक्याने डोंगर चढून बघायचाय."

क्लबने प्रत्येकाला मनगटावर बांधायला घड्याळ दिलं. ते उपग्रहावरून जागा ओळखतं आणि हवेच्या दाबावरून उंची. दाब कळावा म्हणून त्याला कडेला बारीक भोक असतं. दिवसभर किती चढलात त्याची बेरीज ते आपणच करतं. उमाबाईंनी ते डाव्या हाताला बांधलं, सगळे बांधतात तसं.

महिना संपायला आठवडा उरला तेव्हा उमाबाई पहिल्या होत्या. दुसरी वल्लरी, शाळेत खेळ शिकवणारी, खूप मागे. शुभंकर पेढे घेऊन आला. उमाबाईंनी पेढा हातात घेतला, तोंडात टाकला नाही.

"वल्लरीच्या फेऱ्या माझ्याहून कमी नाहीत. टेकडी दोघींना एकच. मग माझी चढाई दीडपट कशी?"

"मावशी, मशीन है. देतंय तर घ्या ना, नुकसान थोडीच आहे!"

"न चढलेलं घेऊ?"

"अरे, कौन देख रहा है?"

"माझे गुडघे बघतायत."

शुभंकर वैतागला. यादी सगळ्यांच्या मोबाइलवर गेली होती. "आता तपासू कसं? टेकडीला फूटपट्टी लावू?"

"ते तुझं तू बघ. तपासल्याशिवाय मी मांडूला येत नाही."

शेवटी त्यालाच सुचलं. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रापासूनची उंची लिहिलेली असते. "चला, वहीं मिला लेते हैं."

"टोपलीसकट येते," उमाबाई म्हणाल्या. "मी जशी चढते तशीच तपासायची."

संध्याकाळी आम्ही तिघं फलाटाच्या टोकाला. घड्याळ कोरडं होतं. पाटीवरचा आकडा आणि घड्याळातला आकडा जवळजवळ एकच.

"देखा? एकदम सही!"

"थांब."

त्यांनी झेंडूवर पाणी मारलं, टोपली डोक्यावर घेतली, डावा हात वर. एक कुली थांबला. "काय काकी, माताजी रेल से जा री हैं क्या?"

"हो. उचलतोस?"

तो निघून गेला.

टोपलीतलं पाणी बोटांवरून मनगटावर आलं, मनगटावरून घड्याळात. थोडा वेळ काही झालं नाही. मग आकडा हलला. वर गेला, खाली आला, पुन्हा वर. खाली येणं त्याने सोडून दिलं, वर जाणं तेवढं बेरजेत घेतलं. उमाबाई खांबासारख्या उभ्या होत्या.

"मी उभी आहे," त्या म्हणाल्या, "आणि हे चढतंय."

शुभंकरने घड्याळ काढून भोकात फुंकलं. पाणी निघालं, पाकळीचा चोथा निघाला. तो ओशाळून हसला. "म्हणजे टोपली घेतली की टेकडी वाढते!"

"ते माझ्या मानेला कधीचं ठाऊक आहे. पण उंचीत लिहू नकोस."

"मावशी, खरं सांगू? इतकं वजन घेऊन चढता, तुम्हाला जास्त मिळायलाच हवं. मी राहू देतो."

"वजनाची स्पर्धा ठेव, तेव्हा लिही. ही उंचीची आहे."

घड्याळ धुऊन, वाळवून उजव्या हाताला आलं. एका खेपेची खरी उंची मिळाली, तिच्यावरून महिन्याचा हिशेब पुन्हा झाला. वल्लरी पहिली, उमाबाई दुसऱ्या. उरलेला आठवडा त्या कामानंतर आणखी चढल्या. अंतर कमी झालं, मिटलं नाही. शेवटच्या दिवशी वल्लरी त्यांच्याकडे आली. "माझ्या जागी तुम्ही जा, मावशी."

"तुझी जागा तू कमावलीस. मी माझी बघते."

क्लबच्या गाडीत बसायलाही त्यांनी नकार दिला. इंदूरला बस बदलली, धारला बदलली, आदल्या संध्याकाळी मांडूला पोचल्या. सकाळी पातळाचा काचा मारला, पायात कॅनव्हासचे बूट घातले आणि तरुण पोरांच्या घोळक्यात उभ्या राहिल्या. शेवटचा चढ चालत नाही, पळत चढल्या.

परत आल्यावर मी विचारलं, "कसं वाटलं?"

"डावा हात कुठे ठेवावा कळेना."

कितवा नंबर आला ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. खेपांच्या पैशातून शर्यतीची फी गेली, बसचं भाडं गेलं, आणि त्या दोन दिवसांत टोपली वर न्यायला लावलेल्या बाईची मजुरी गेली. ती त्यांनी निघण्याआधीच तिच्या हातात दिली होती, पुरी.