लय : अंदाजे

आईचा फोन आला तेव्हा मी आकुर्डीच्या कॉलेजच्या कँटीनमध्ये रांगेत उभी होते. "खालचे सावंत भाऊजी गेले बघ... चाकणहून येताना, कंपनीच्या बसमधीच. निघ की लवकर." मी हो म्हणाले आणि तरी रांगेतून बाहेर पडले नाही. चहा घेतला, बसून सावकाश प्यायले. आज पाच आठवड्यांनी हे लिहिताना तो चहा आठवला तरी लाज वाटते. काकांसमोर जायला मी तीन महिने घाबरत होते, आणि आता त्यांच्यासमोर काही बोलावं लागणार नाही, असं त्या क्षणी माझ्या मनात येऊन गेलं.

सावंतकाका आमच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर राहायचे, आम्ही त्यांच्या डोक्यावर. ते सावंतवाडीकडचे, आम्ही लातूरचे. चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत ते तपासणी विभागात होते. सुट्टीच्या दिवशी मांडी घालून, व्हायोलिनचं एक टोक टाचेवर टेकवून वाजवत बसायचे. भजनं, नाट्यपदं सगळं यायचं, पण खरा जीव एका परदेशी कॉन्चेर्टोच्या, म्हणजे व्हायोलिन आणि वाद्यवृंदाच्या मोठ्या रचनेच्या, मधल्या संथ भागावर होता. काही वर्षांपूर्वी कंपनीत शिकवायला आलेल्या कुणा पाहुण्याने जाताना त्यांना ती सीडी दिली होती. तो संथ भाग त्यांनी निव्वळ ऐकून ऐकून बसवला. मी एकदा विचारलं, काका, यात असं काय आहे? ते म्हणाले, "गावच्या यष्टीत बसल्यार आवस खाली उभी ऱ्हवता बघ. हात हलवणा नाय, नुसती उभी ऱ्हवता... तसा आसा ह्यां." आवस म्हणजे आई.

आमच्या बिल्डिंगमधून इंजिनिअरिंगला गेलेली मी पहिली. माझ्या घरात तर कॉलेजची पायरी चढलेलंच कुणी नव्हतं. म्हणून गेल्या उन्हाळ्यात त्यांनी मला हाक मारली. "ये गो, प्रोफेसरबाई! ह्यां जरा वाच. माका इंग्रजी पार्टच्या नंबरापुरता येता." सीडीसोबतची बारीक अक्षरांची पुस्तिका होती. मी वाचलं, ए मायनर. ते म्हणाले, "ए म्हणजे पेटीची पांढरी सहा, ह्यां माका कळता. पण मायनर?" मला ठाऊक नव्हतं. मी काही बोलायच्या आतच त्यांना हसू आलं. "मायनर म्हणजे आमच्याकडे पास! मेजर दोष आसलो तर माल परत. मायनर आसलो तर गिऱ्हाईक चालवून घेता." मग लयीचा शब्द आला. Andante. मी अडखळले. "अंदा... अंदा..." काकांनीच विचारलं, "अंदाजे?"

माहीत नाही म्हणायला एक सेकंद लागला असता. फोन हातात होता, शोधताही आलं असतं. पण त्यांच्या नजरेत मी शिकलेली मुलगी होते, आणि मला तसंच राहायचं होतं. मी म्हणाले, "हो काका, अंदाजेच. म्हणजे आपापल्या अंदाजाने वाजवायचं." ते केवढे खूश झाले! "बघ, ह्यां रचणारो एवढो मोठो माणूस, पण वाजवणाऱ्यार सोडल्यान."

गणपतीत पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीत त्यांना वाजवायला बोलावलं. माझी एक मैत्रीण तिथेच राहते, म्हणून आम्ही कॉलेजचे चार-पाच जण गेलो होतो. काकांनी माइक हातात घेतला आणि शुद्ध मराठीत सांगितलं, "याची लय पुस्तिकेत 'अंदाजे' अशी दिली आहे. आमच्या बिल्डिंगमधल्या इंजिनिअर मुलीने मला वाचून दाखवलं." पुढच्या रांगेतले एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "अहो, अंदान्ते! अंदाजे काय, आमटीत मीठ घालताय का?" सगळा मांडव हसला. माझ्या शेजारचा मित्र खिदळत म्हणाला, "अंदाजे, भावा! ए, हे तुझ्या एरियातले ना गं?" मी म्हणाले, "असतील. मी नाही ओळखत." आणि मीही हसले. काकाही हसत होते. हसता हसता त्यांची नजर आमच्या रांगेवर आली आणि माझ्यावर थांबली... मग त्यांनी मान खाली घालून वाजवायला सुरुवात केली. पूर्ण होण्याआधीच मी निघून आले.

त्यानंतर मी त्यांच्याशी बोलले नाही. जिन्यात चाहूल लागली की वरच थांबायचे, त्यांच्या दारावरून जावं लागलं की भरभर निघून जायचे. उद्या सांगू, परीक्षा झाल्यावर सांगू, असं करत राहिले.

तेराव्यानंतर काकूंकडे गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मला शब्द येत नव्हता, मी खोटं बोलले, तिथे ओळखही दाखवली नाही. काकू तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "त्यांका म्हायती होता गो. गणपतीनंतर त्याच माणसाक इचारून इले. अंदान्ते म्हणजे चालण्याची लय, माणूस सावकाश चालता तशी. माका म्हणाले, पोरीक बोलू नको, तिका वाईट वाटतला." मग सांगितलं की तेव्हापासून रोज संध्याकाळी ते दारासमोरच्या सामाईक गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे, पावलावर सूर गुणगुणत. लय पायात बसली की मग हातात घेणार होते.

त्या चपलांचा आवाज मला वर ऐकू यायचा. डॉक्टरांनी शुगरसाठी चालायला सांगितलं असेल, असं मला वाटायचं. ते गॅलरीत आहेत, म्हणजे जिन्यात भेटतील, म्हणून मी आमचं दार लावून घ्यायचे.

आता संध्याकाळी मी पहिल्या मजल्यावर जाते. कानात तो संथ भाग लावते आणि गॅलरीत चालून बघते. सुरुवातीची पावलं बरोबर पडतात... पण काकांच्या दारापाशी आले की माझे पाय आपोआप भरभर पडू लागतात. तीन महिन्यांची सवय आहे ती. सूर मागे राहतो, मी पुढे निघून गेलेली असते. मग परत वळते, आणि पहिल्यापासून चालायला लागते.