बांधाजवळची जागा

मागच्या पावसाळ्यात महालक्ष्मीच्या तसबिरीसमोर बसले की एकच शंका मला छळायची. आईला माझं करणं रुचलं असेल का?

आमचा पाडा मोखाड्याच्या रस्त्याखाली आहे. यजमान गेल्यापासून मी एकटीच राहते. आमच्याकडे मजुरीला येणारा सोमा काही वर्षांपूर्वी येशूच्या प्रार्थनेला जाऊ लागला होता. उन्हाळ्याच्या शेवटी त्याची बायको वारली. गावकऱ्यांनी सांगितलं, धर्म सोडणाऱ्यांना आमच्या मसणवटीत जागा नाही. सोमा माझ्या अंगणात येऊन उभा राहिला. "बाय, तिला ठेवू कुठं?" एवढंच म्हणाला. मी नाचणीच्या शेतातला बांधाजवळचा कोपरा दाखवला. शेवटच्या दुखण्यात ती ज्या देवाला हाक मारत होती, त्याच्यावरून तिची माती अडवायची? आणि धाकाने घ्यायला लावलेलं नाव माझ्या देवीआईला तरी गोड लागलं असतं का?

मला वाळीत टाकलं असं कुणी म्हटलं नाही. फक्त येणं-जाणं थांबलं. बाजाराच्या जीपमध्ये लोक दाटीने बसत, पण माझ्याशी कुणी बोलत नसे. भाताची आवणी सुरू झाली. सगळे एकमेकांच्या शेतात लावणीला गेले, माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. मी आणि सोमा, दोघं किती लावणार? रोपं पिवळी पडू लागली. बोलायला घरात कुणी नव्हतं, म्हणून आईलाच म्हणाले, "चुकले असेन तर शेत जाऊ दे. पण मला कळू दे."

दुसऱ्या दिवशी चिखलात वाकले होते, तेव्हा मागे पाणी खळबळलं. मसणवटीत जागा नाकारायला ज्याने पुढाकार घेतला, त्याचीच म्हातारी आई लुगडं खोचून रोपांची मूठ सोडत होती.

"काकी, घरी काय म्हणतील?"

"म्हणू दे. तुझा रोप पिवळा पडला, मला बघवला नाय."

तिच्या पाठोपाठ दुसरं कुणी आलं नाही. अर्धं शेत तसंच राहिलं. गाव अजूनही अबोलच आहे. पण त्या दुपारी बांधावर मी भाकऱ्या वाढल्या, सोमाने डोळे मिटून त्याच्या देवाचे आभार मानले, मी आईला हात जोडले. काकी तोवर जेवायला लागलीसुद्धा होती. कितीतरी दिवसांनी मला पोटभर जेवण गेलं. काकीच्या पावलांनी मला आईचा कौल मिळाला होता. बाकीचं मी आईवर सोपवलं आहे.