अर्धी बादली

मे महिन्यातल्या सकाळी पोहण्याच्या तलावाशी उभं राहिलं की क्लोरीनचा तो तिखट वास नाकात शिरतो, आणि हडपसरच्या आमच्या सोसायटीतलं हे निळ्या फरश्यांवरचं कोवळ्या उन्हात हलणारं पाणी बघता बघता काळवंडत जातं. त्याच्या तळाशी मला एक विहीर दिसू लागते, जी मी कधी पाहिलेलीच नाही.

त्या विहिरीत माझा दादा बुडाला. आजोळी, उन्हाळ्याच्या सुटीत, आठ वर्षांचा असताना. मी तेव्हा पाळण्यात होते. बाबा काठावर उभे होते आणि त्यांना पोहता येत नव्हतं, एवढंच पुढे मावशीने मला सांगितलं. घरात त्याचं नाव कधी निघत नसे.

शनिवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत तो मात्र सगळीकडे होता. आई माझ्या आंघोळीची बादली कधी अर्ध्याच्या वर भरत नसे. पुलावरून जाताना माझं मनगट असं आवळून धरी की बोटांचे वळ उमटत. आणि एरवी तिच्या शब्दाबाहेर न जाणाऱ्या बाबांनी, मला सहावं लागलं त्या उन्हाळ्यात, पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकवणाऱ्या गुरुजींकडे माझं नाव घातलं.

"अहो, एक गेलं ना पाण्यात?" आई दारात आडवी उभी राहून म्हणाली.

"म्हणूनच," बाबा म्हणाले.

त्यावर दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत. बाबा रोज सकाळी पूर्ण कपड्यांत काठावर बसत. मी बुडी मारली की त्यांचे ओठ हलत. स्वतः मात्र ते अखेरपर्यंत पोहायला शिकले नाहीत. मी घरी आले की आई माझं डोकं इतकं खसाखसा पुसे की कातडी चुरचुरे. ती कुणाचे केस कोरडे करत होती, कोण जाणे.

लहानपणी वाटे, बाबा धीट आणि आई भित्री. मोठेपणी वाटू लागलं, आई मायाळू आणि बाबा निष्ठुर. दोन्ही साफ चूक. भीती एकच होती. आईने ती घरात कोंडून ठेवली, त्यांनी ती रोज पाण्यात उतरवली. आणि माझ्याकडे पाहताना दोघंही थोडं माझ्या पलीकडे पाहत, याचा मला अजून राग येतो.

आता दोघंही नाहीत. परवा माझ्या मिहीरला, आठच वर्षांच्या, तलावावरच्या सरांनी प्रथमच खोल बाजूला उभं केलं, आणि उडी मारण्याआधी त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"जा," मी म्हणाले. आवाज हुबेहूब बाबांचा होता.

पाणी फुटल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग, फार वेळाने असं वाटलं, त्याचं खोकणं आणि हसणं.

"बघितलंस, आई?" तो धापा टाकत समोर आला.

"बघितलं ना."

"खोटं. तुझी पाठ होती इकडे."

ती कधी वळली, मला खरंच कळलं नव्हतं. त्याने माझा कोपर धरून मला पाण्याकडे वळवलं. "आता बघ," म्हणाला, आणि ओल्या पायांनी पुन्हा खोल बाजूकडे निघाला. मी पाण्यावर डोळे रोखून उभी राहिले. तो वर येईल तेव्हा आपल्याला फक्त तोच दिसावा, एवढंच मी मागत होते.