आक्का आणि एका दिवसाचा समुद्र

माझी थोरली बहीण समुद्र न बघता गेली. यात नशिबाचा काही दोष नाही. दोष आमचा आहे.

आज वर्ष झालं. सकाळपासून घरच्या ग्रुपवर हात जोडलेले इमोजी पडतायत. एकेकाला फोन करून भांडावंसं वाटतंय. सुरुवात अर्थात माझ्यापासून.

आक्का जेऊरच्या पुढे, उजनी धरणाच्या काठावर राहायची. दाजींचं उसाचं आणि केळीचं रान, गोठ्यात दोन जर्सी गाई.

तिची मागणी एकच होती. एकदा समुद्र बघायचा. तोही एका दिवसात. एका वेळची धार शेजारीण काढायला तयार होती, दोन वेळची कोण काढणार?

तिथून कोकण म्हणजे जाऊन-येऊन सातशे किलोमीटर तरी होतं. अवघड होतं, पण अशक्य नव्हतं. गाडी माझी. ड्रायव्हिंग मी आणि धाकटा भाऊ बापू आलटून-पालटून करणार होतो.

मी 'कोकण फायनल' नावाचा ग्रुप काढला.

फायनल! चार वर्षं चालला तो.

बापू म्हणे, अलिबागला जाऊ, रस्ता चांगला आहे. दाजी म्हणत, गणपतीपुळ्याला जाऊ, दर्शनपण होईल. माझी बायको म्हणे, घाटात पोरांना उलट्या होतात. मी मॅप टाकायचो, हॉटेलांचे रिव्ह्यू टाकायचो, भरती-ओहोटीच्या वेळासुद्धा टाकायचो. गाडी मात्र सोलापुरात घर ते सात रस्त्यावरचं ऑफिस, ऑफिस ते घर.

एकदा तारीख ठरली, तर धरणाचं पाणी मागे सरलं. दाजींना मोटर आणि पाइप खाली पाण्यापर्यंत न्यायचे होते. एकदा माझ्या ऑफिसात ऑडिट लागलं. एकदा बापू रुसला, कारण पुढच्या सीटवर कोण बसणार हे त्याला न विचारता ठरवलं. चाळिशी ओलांडलेला माणूस!

आक्का त्या ग्रुपवर नव्हतीच. तिच्याकडे साधा फोन. जिच्यासाठी ट्रिप, तिला कुणी काही विचारतच नव्हतं.

शेवटी एका गुरुवारी तिनेच फोन केला.

"बाळू, ह्या रविवारी समुद्र बघायचा का रं?"

मी कामात होतो. म्हणालो, "बघू की."

"बरं बरं. लई झ्याक." फोन बंद.

रविवारी सकाळी सातला फोन वाजला.

"कुटंवर आलायसा?"

"कोण? कुठं?" मी अंथरुणातच होतो.

ती तीनला उठली होती. धार काढून, आंघोळ करून, ठेवणीतली साडी नेसून ओट्यावर बसली होती. आदल्या दिवशी सगळ्यांना पुरतील एवढ्या कडक भाकरी केल्या होत्या, शेंगाची चटणी कुटली होती.

मी वैतागलो. चूक माझी आणि आवाजही माझाच चढला. "अगं आक्के, बघू म्हणालो होतो. येतो कुठं म्हणालो?"

ती म्हणाली, "समुद्र बघायचा का म्हनलं, तर तू बघू की म्हनलास. मला वाटलं, समुद्र बघू म्हनतूय."

आमच्या ऑफिसात 'बघू की' म्हणजे नाही. काम घेऊन आलेल्या माणसाला आम्ही दिवसातून दहा वेळा तेच सांगतो आणि तो काय समजायचं ते समजून परत जातो. सख्ख्या बहिणीलाही मी तेच सांगितलं. तिला ते कळलं नाही, कारण ती माझ्याकडे काम घेऊन आली नव्हती.

आणि मी पुढे काय केलं? हा किस्सा ग्रुपवर टाकला.

सगळे पोट धरून हसले. मग प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला कुणीतरी ओरडायचंच, "आक्का, समुद्र बघू की!" तीही हसायची.

पण परत कधी तिने विषय काढला नाही.

तिच्या शेवटच्या भाऊबीजेला मीच काढला. ओवाळून झालं होतं, मी सहज म्हणालो, "एवढं पाणी तुझ्या दारात आहे. समुद्रात वेगळं काय बघणार तू?"

तिने ताट खाली ठेवलं.

"ह्या पाण्याखाली आपलं घर हाय, बाळू. तू जल्मला नव्हतास. मी चौथीला होते. आईनं निघताना चुलीचं दगडसुदा उचलून घेतलं. इतकी वर्सं झाली, रोज मोटर चालू कराय गेलं की तेच डोळ्याम्होरं येतं. मला एकदा असं पाणी बघायचंय, ज्याच्याखाली कुणाचंच घर न्हाय."

मी म्हणालो, "उन्हाळ्याच्या आत नेतो." या वेळी नीट 'नेतो' म्हणालो.

उन्हाळ्याच्या आत ती गेली. सकाळी, गोठ्यातच. हार्ट अटॅक. दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचली नाही.

आणि मग बघा. ज्यांना एका दिवसाची सुट्टी मिळत नव्हती, ते आम्ही सगळे तेरा दिवस तिथे होतो. कुणाच्या ऑफिसने एका शब्दाने विचारलं नाही. माझी गाडी तेरा दिवस तिच्या दारात उभी होती. टाकी फुल.

तिसऱ्या दिवशी रक्षा घेऊन होडीत बसलो. समुद्राचं नाव कुणाच्याच तोंडून निघालं नाही. माझ्याही नाही.

होडीवाला गावातलाच, मासे धरणारा. बऱ्याच आत गेल्यावर त्याने होडी थांबवली आणि मायेनं म्हणाला, "हितं सोडा. बरूबर खाली तुमचं जुनं गाव हाय. आक्का माहेरात जातील."

सगळ्यांना बरं वाटलं. बापू हुंदके देऊन रडला.

मडकं मीच पाण्यात उपडं केलं.

काठावर उतरलो, चपला घातल्या, आणि तेव्हा मला भाऊबीज आठवली.

आक्का, जे पाणी तुला नको होतं, त्यातच तुला सोडून आलो. श्रद्धांजली हा शब्द आज माझ्याच्याने लिहवत नाही.

माफ कर गं.