एक शेअर, एक हात

आमच्या घरात देवांच्या तसबिरींशेजारी एक शेअर सर्टिफिकेट टांगलेलं होतं. परळच्या ज्या कारखान्यात बाबा गिरण्यांसाठी सूत गुंडाळायच्या लाकडी बॉबिन बनवत, त्याच्या संस्थापकाने रौप्यमहोत्सवात बावीस जुन्या कामगारांना एकेक शेअर दिला होता. ‘आजपासून तुम्ही मालक,’ असं तो भाषणात म्हणाला होता. भाषणात माणसं बरंच काही म्हणतात. बाबांनी ते सर्टिफिकेट काचेत बसवून घेतलं.

संस्थापक गेला, मुलगा चेअरमन झाला, आणि मी कंपनीच्या सेक्रेटरीच्या हाताखाली टायपिस्ट म्हणून लागलो. दरवर्षी गिरगावातल्या एका हॉलमध्ये भागधारकांची सभा भरे. चेअरमन त्यांना कंपनीचे खरे धनी म्हणत, आणि खरे धनी बटाटेवडा खाऊन घरी जात.

एका वर्षी खास सभेची नोटीस आली. कंपनी बंद करण्याचा ठराव होता. नोटीस इंग्रजीत, म्हणून बाबांनी ती माझ्याकडून वाचून घेतली.

“मतां हात वर करूनच ना?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.

ते दिवसच तसे होते. मुंबईसह महाराष्ट्राच्या सभांना अख्खं मैदान हात वर करी, आणि लालबागचा माणूस त्या हातांवर देवासारखा विश्वास ठेवी. चेअरमनच्या घरचे भागधारक नऊ, आपण बावीस, असं बाबांचं गणित होतं. पाळी सुटली की ते डिलाईल रोडला जात, भोईवाड्यात जात. सभा कामाच्या दिवशी होती. खाडा करा पण या, असं त्यांनी एकेकाला पटवलं.

मी जे सांगितलं नाही ते असं. हात मोजून झाल्यावर चेअरमनला चिठ्ठ्यांनी मतदान घेता येतं. मग माणसं मोजत नाहीत, शेअर मोजतात. आमच्याकडे सभेचं इतिवृत्तही आदल्या दिवशीच टाइप करून ठेवायची पद्धत होती. ते मीच केलं होतं: चिठ्ठ्यांनी मतदान झाले, ठराव मंजूर झाला, अध्यक्षांचे आभार मानून सभा संपली. फक्त वेळेची जागा कोरी होती. चेअरमनच्या दुसऱ्या कंपनीत मला जागा देण्याचा शब्दही सेक्रेटरींनी दिला होता. हे सगळं खिशात घालून मी घरी गेलो, तर बाबा काळ्या कोटाला इस्त्री करत होते. मी जेवून झोपलो.

सभेला बावीसच्या बावीस आले. चेअरमन वडिलांच्या हार घातलेल्या फोटोखाली बसले आणि जड अंतःकरणाने ठराव मांडत असल्याचं म्हणाले. तेही मीच टाइप केलं होतं. बाजूने नऊ हात वर झाले, विरुद्ध बावीस. बाबांनी हात खाली घेण्याआधी वळून माझ्याकडे पाहिलं. ते हसत होते. त्यानंतर मी त्यांना तसं हसताना पाहिलं नाही.

चेअरमननी घड्याळ पाहिलं आणि चिठ्ठ्या वाटायला सांगितलं. चिठ्ठीवर आपलं नाव, बाजूने की विरुद्ध, आणि शेअर किती ते लिहायचं होतं. गोळा करायला मी, हातात बिस्किटांचा रिकामा डबा. बाबांच्या खुर्चीशी आलो तेव्हा त्यांनी ‘एक’ असं अक्षरी लिहिलं होतं. शेजारी चेअरमनच्या काकूंनी चार आकडी संख्या लिहिली होती. बाबांनी ती चिठ्ठी वाचली, मग माझ्या हातातला डबा पाहिला, आणि आपली चिठ्ठी घडी घालून आत टाकली.

मी इतिवृत्तात वेळ भरली. एक शब्दही बदलावा लागला नाही.

परतताना ट्राम लालबागजवळ आली. बाबा बाहेर बघतच म्हणाले, “तुका ठावक होता.”

“होय.”

“माका सांगूचा नाय तर नाय. पण त्या माणसांचो खाडो तरी वाचलो असतो.”

दुसऱ्या कंपनीत मी निवृत्तीपर्यंत टिकलो, आणि इतिवृत्त उत्तम लिहितो असा लौकिक मिळवला. महाराष्ट्र झाला तेव्हा चाळीच्या चौकात अभिनंदनाचा ठराव मांडला गेला. सगळ्यांनी हात वर केले. बाबा मागच्या रांगेत उभे होते. त्यांनी आधी मला शोधलं. मी मान डोलावली, इथे फक्त हातच मोजणार आहेत, असं सांगायला. त्यांनी हात कोटाच्या खिशातून काढला नाही.